अंगठ्याची दरखास्त

सकाळच्या प्रहरी पालघरहून बोईसरकडे निघालेल्या डहाणू लोकलच्या दाराशी उभे राहून ज्याने सहप्रवाशांच्या मुद्रांचे बारकाईने अवलोकन केले असेल, त्याला मानवी वेदनेविषयी जे ज्ञान विनासायास प्राप्त होते ते वैद्यकाच्या जाडजूड ग्रंथांतही सहजासहजी हाती लागत नाही; आणि त्या ज्ञानाचा पहिला सिद्धान्त असा की, पायाचा अंगठा किती दुखावा हे त्यावर पडलेल्या वजनापेक्षा ते वजन कोणाचे आहे यावर अधिक अवलंबून असते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेल्या मंडळींच्या पायांत टोकाशी पोलादी वाटी बसवलेले सेफ्टी शूज असतात, तर शाळामास्तर, बँकेतले कारकून, वकिलांचे गुमास्ते आणि आमच्यासारखे किरकोळ इसम उघड्या चपलांनिशी रणांगणात उतरलेले असतात. या विषम शस्त्रसज्जतेमुळे उमरोळी येण्याच्या आत एखाद-दुसऱ्या अंगठ्याचा बळी पडणे हा या मार्गावरील नित्याचा परिपाठ होय.

अशा प्रसंगी चपलाधारी गृहस्थ प्रथम, मागे न पाहताच, "ओ भाऊ, डोळे आहेत का बटणं?" असा सवाल करतात. या सवालाच्या पाठोपाठ वडीलधाऱ्यांच्या संस्कारांचा, कारखानदारीने बिघडलेल्या जमान्याचा आणि तुडवणाऱ्याच्या जन्मगावाचा परामर्श घेणारे भाषण सुरू व्हायचे असते. पण मान वळवताच तो पोलादी बूट आपल्याच कंपनीतल्या मोठ्या साहेबांचा आहे असे आढळले, तर ते भाषण घशातच तहकूब होते आणि त्याच मुखातून "अरे, साहेब, तुम्ही! असू द्या, असू द्या, काही लागलं नाही" असे मधाळ उद्गार बाहेर पडतात. लोक याला लाचारी म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. कारण त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलेले आहे आणि त्यांना खरोखरीच काही लागलेले नसते. हाच तुडवणारा जर लगेच उठून "काका, तुम्ही बसा इथे" असे म्हणाला, तर अंगठा दुखण्याचे तर सोडाच, उलट दुसराही पुढे करावा की काय, असा भाव त्या मुद्रेवर तरळू लागतो.

शरीराच्या या पक्षपाती कारभाराचे रहस्य पालघरच्या रहिवाशाइतके दुसऱ्या कोणाला लवकर उमगू नये, कारण असाच कारभार त्याने अनेक वर्षे भोगलेला आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा 36वा जिल्हा झाला. तोवर जव्हार-मोखाड्याच्या किंवा तलासरीच्या माणसाला वरिष्ठ कचेरीत काम पडले की ठाणे गाठावे लागे. भाकरी बांधून निघायचे, साहेब दौऱ्यावर असल्याचे शिपायाच्या तोंडून ऐकायचे आणि दिवेलागणीला परत फिरायचे, असा तो क्रम होता. त्या काळी जे शहाणे मामलेदार तातडीच्या प्रकरणांचा निकाल तालुक्यातच लावून टाकीत आणि ठाण्याला मागाहून "माहितीसाठी सविनय सादर" असा कागद तेवढा पाठवीत, त्यांची कार्यपद्धती आणि आपल्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची कार्यपद्धती यांत तिळमात्र अंतर नाही. मेंदू म्हणजे ठाणे. मज्जारज्जू म्हणजे तालुका. आणि अंगठा हा अर्थातच सीमेवरचा तो गरीब पाडा, की ज्याची आठवण सरकारला तो तुडवला गेल्यावरच होते.

अंगठ्यावर बूट पडताच तेथून दोन जासूद निघतात. पहिला सडपातळ आणि चपळ. त्याचा मज्जातंतू मेदाच्या पातळ आवरणाने वेढलेला असल्यामुळे तो सेकंदाला 5 ते 30 मीटर या वेगाने धावत तालुक्याला पोहोचतो. दुसऱ्याला हे आवरण नाही, म्हणून तो सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे निवृत्त माणूस चिंचणीच्या किनाऱ्यावर सायंकाळी चालतो त्या बेताने, रमतगमत येतो. पहिल्या जासुदाची वर्दी येताच तालुक्याची कचेरी ठाण्याची मंजुरी न मागता हुकूम सोडते की पाय वर उचलावा. पाय उचलला जातो, आणि मग केव्हातरी ठाण्यात बसलेल्या आपल्या मालकाला कळते की आपण पाय उचलला आहे. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तिचा विस्तृत अभ्यास करून 1906 साली मज्जासंस्थेच्या एकसूत्री कारभारावर ग्रंथ लिहिला आणि 1932 साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

शेरिंग्टनने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दुखावलेला पाय वर घेण्याच्या हुकुमाबरोबरच तालुका दुसऱ्या पायाला असे फर्मान काढतो की, बाबा रे, आता सगळा भार तुझ्यावर आहे, ताठ उभा राहा. योजना उत्तम आहे आणि रानावनात काटा रुतलेल्या आपल्या पूर्वजांचे तिने पुष्कळ रक्षण केले असेल. परंतु हा कायदा डहाणू लोकल सुरू होण्यापूर्वी फारच पूर्वी मंजूर झालेला असल्यामुळे त्यात एका परिस्थितीची तरतूद राहून गेली आहे: कोणाच्या तरी पिशवीने जागा अडवल्यामुळे दुसरा पाय आधीच अधांतरी असेल तर काय करावे? अशा वेळी पहिला पाय कायद्याप्रमाणे वर जातो, दुसरा पाय कायद्याप्रमाणे ताठ होतो, जमिनीशी मात्र दोहोंपैकी एकाचाही संबंध उरत नाही, आणि ते गृहस्थ शेजाऱ्याच्या छातीवर विसावतात. शेजाऱ्याचा डबा तिसऱ्याच्या कोपराला लागतो, त्या कोपराचा तालुका आपला स्वतंत्र हुकूम काढतो, आणि ही लाट डब्याच्या दुसऱ्या दारापर्यंत पोहोचते तेव्हा तेथला सज्जन "कोण ढकलतंय रे?" असे विचारतो. त्याला उत्तर द्यायचे तर शेरिंग्टनपासून सुरुवात करावी लागेल.

दुसरा, आळशी जासूद या सगळ्या गडबडीनंतर येतो. पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंतचे सुमारे मीटरभर अंतर तोडायला त्याला साधारण सेकंदभर लागतो. म्हणूनच ठेच लागली की आधी लख्ख, टोचरी कळ येते, मग क्षणभर शांतता आणि त्यानंतर ती मंद, जळजळीत, पोटात कालवणारी खरी वेदना. मधल्या त्या एका सेकंदात माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. काय येऊ घातले आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, टाळता येत नाही हेही ठाऊक असते, आणि तरीही जप्तीची नोटीस हाती पडलेला पण कारकून अद्याप दाराशी न आलेला खातेदार जसा विनाकारण घरातील भांडी नीट लावू लागतो, तसा तो उगाच चपलेचा अंगठा सरळ करीत राहतो.

आता या कचेरीच्या दरवाजाविषयी. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 साली असे प्रतिपादन केले की, वेदनेचे जासूद तालुक्याला आले म्हणजे त्यांना थेट आत सोडले जाते असे नाही. तेथे एक द्वार आहे आणि ते कमी-अधिक उघडते वा मिटते. स्पर्शाची, चोळण्याची, दाबण्याची खबर आणणारे तंतू जाड असतात आणि त्यांचा वेग वेदनेच्या जासुदांहून पुष्कळ अधिक असतो. दुखऱ्या जागी चोळले की ही स्पर्शाची मंडळी दाराशी मोठ्या संख्येने येऊन गर्दी करतात, आतील पेशी त्यांच्या दरखास्ती नोंदवण्यात गुंततात आणि वेदनेच्या अर्जांना अटकाव होतो. त्या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, पण दरवाजा आहे आणि त्यावर बंदोबस्त आहे, हे मूळ म्हणणे टिकले.

हे वाचून पाश्चात्त्य विद्वानांविषयी आदर वाटतो, तसेच आश्चर्यही वाटते, कारण पोर अंगणात आपटले की धावत जाऊन त्याचा गुडघा खसाखसा चोळावा, वर फुंकर मारावी आणि मग जमिनीला दोन चापट्या मारून "हात्त! आमच्या बाळाला पाडतेस?" असे दरडावावे, हा उपचार केळव्यापासून बोर्डीपर्यंतची प्रत्येक आजी 1965 च्या कितीतरी आधीपासून करीत आलेली आहे. चोळण्याचे आणि फुंकरीचे समर्थन मेल्झॅक-वॉल यांनी केले. जमिनीला दिलेल्या शिक्षेचा वेदनाशामक परिणाम मात्र अद्याप कोणी मोजलेला माझ्या वाचनात नाही, आणि माझ्या मते या तीन उपायांपैकी खरा गुणकारी तोच आहे. गुन्हेगाराला आपल्या डोळ्यांदेखत शासन झाले की फिर्यादीचे अर्धे दुखणे तेथेच बरे होते. अंगठा तुडवणाऱ्याला भर डब्यात चार माणसांनी झापले, तर चपलाधारी गृहस्थ बोईसरला जवळजवळ न लंगडता उतरतात.

येथवर तालुक्याचे झाले. परंतु ठाणे नुसते कागद स्वीकारीत बसत नाही, ते खाली हुकूमही पाठवते, आणि वेदनेच्या कारभारातील खरी मेख येथेच आहे. ज्या 1969 सालच्या ऑक्टोबरात तारापूरचे अणुवीजकेंद्र, देशातले पहिले, रीतसर वीज देऊ लागले, त्याच साली डेव्हिड रेनॉल्ड्स या संशोधकाने उंदरांच्या मध्यमेंदूतील एका करड्या भागाला विजेचा सौम्य प्रवाह देऊन भुलीचे कोणतेही औषध न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली आणि उंदरांनी हूं की चूं केले नाही. त्या करड्या भागातून निघालेला हुकूम मेंदूच्या देठातून खाली मज्जारज्जूच्या द्वारापर्यंत येतो आणि तेथल्या पहारेकऱ्याला बजावतो की, तूर्त वेदनेची एकही दरखास्त वर पाठवू नये. 1975 साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे ह्यूजेस आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून अफूसारखे काम करणारे, शरीराने स्वतःच तयार केलेले द्रव्य शोधून काढले. म्हणजे अफूचा परवाना नसलेल्या, सुपारीच्या खांडालाही न शिवणाऱ्या सोवळ्या गृहस्थाच्या डोक्यातसुद्धा अबकारी खात्याच्या नकळत ही भट्टी अहोरात्र चालूच असते.

ही भट्टी केव्हा पेटते? युद्धात पेटते. हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने 1944 मध्ये इटलीतील अँझिओच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना विचारले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेदनाशामक नको म्हणून सांगितले. जखम झाली म्हणजे आता घरी जायला मिळणार, हा हिशेब त्यांच्या मेंदूने केलेला होता. इटली फार लांब वाटत असेल तर सातपाटीला जावे. पापलेटाला 2023 साली राज्यमाशाचा मान मिळाला, त्या पापलेटाची ही राजधानी. तेथील बंदरावर एके पहाटे होडीतून उतरलेल्या एका तरुण खलाशाचा हात मी पाहिला. तळव्याभोवती फडके गुंडाळलेले आणि मनगटापर्यंत सूज. जाळ्यातून मासळी सोडवताना शिंगाळ्याचा काटा तळहातात शिरला होता. शिंगाळ्याचे काटे करवतीसारखे दातेरी असतात आणि त्यांवर विषाचा लेप असतो, त्यामुळे ती वेदना साध्या टोचण्याची नव्हे. पण तांडेल सांगत होता की, पोराने काटा उपसून फेकला, फडके बांधले आणि उरलेले जाळे ओढले. मी पाहत होतो तोवरही तो बर्फवाल्याशी हुज्जत घालत होता, पाट्या मोजत होता, पापलेटाचा आजचा भाव विचारत होता.

एवढ्यात त्याची आई आली. तिने टोपली खाली ठेवली आणि विचारले, "काय झालं रे हाताला?"

त्या एका प्रश्नासरशी ठाण्याने आपला मनाई हुकूम मागे घेतला. तो सहा फुटी गडी उलट्या पाटीवर मट्कन बसला, हात मांडीवर घेऊन कण्हू लागला आणि मघापासून तुंबलेल्या साऱ्या दरखास्ती एकदम वर गेल्या. म्हातारीने विचारपूस आवरती घेतली, कोणाच्या तरी चुलीवरचे पातेले आणवले आणि पाण्यात आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहिले. दुखऱ्या हाताला ऊन किती आणि चटका किती हे कळत नाही, हे तिला ठाऊक होते. मग तिने त्याचा हात पाण्यात दाबून धरला. तो ओरडला. तिने सोडला नाही. पाणी निवले की पुन्हा ऊन पाणी, असे बराच वेळ चालले आणि अखेर त्याने चहा मागितला. माशाच्या विषातील प्रथिने उष्णतेने बिघडतात, म्हणून कढत पण पोळणार नाही अशा पाण्याचा उपाय आजचे डॉक्टरही सांगतात. शिवाय शरीराच्या कारभारात आणखी एक चमत्कारिक नियम आहे, तो फ्रान्समधील ल बार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1979 साली मांडला: एका ठिकाणची तीव्र वेदना दुसऱ्या ठिकाणच्या वेदनेला दाबते. एकाच वेळी दोन दंगे झाले की ठाणे मोठ्याकडे फौज पाठवते आणि धाकट्याला मुदतवाढ मिळते. म्हणूनच दाढदुखीने तळमळणाऱ्या माणसाला कोणी पाठीचे विचारीत नाही, आणि विचारले तर पाठ आहे हे त्याला आठवावे लागते.

या वरच्या हुकुमांत डॉक्टरांच्या प्रतिष्ठेचाही मोठा वाटा असतो. 1978 साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून निरुपद्रवी द्रव टोचले तेव्हा काहींच्या वेदना कमी झाल्या. नंतर अफूचा प्रभाव रोखणारे औषध दिल्यावर त्यांचे ते बरे वाटणे ओसरले. अर्थात श्रद्धेनेही भट्टी पेटते. आमच्या भागातील दवाखान्यांत हे सत्य प्रयोगावाचून मान्य आहे. खेड्यातून आलेला रुग्ण गोळ्यांच्या चिठ्ठीकडे संशयाने पाहतो आणि म्हणतो, "डॉक्टर, सुई मारा." सुई मारली की तो बाहेर पडता पडताच, औषध दंडातून अद्याप हललेलेही नसताना, बायकोला सांगतो की फरक पडला. फी जितकी अधिक, तितका फरक लवकर, असा माझा अनुभव आहे. तो शास्त्राला कितपत मान्य होईल न कळे.

शिव्यांचा प्रश्नही येथेच निकालात काढावा. इंग्लंडातील कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना बर्फाळ पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले. एकदा शिवी उच्चारीत आणि एकदा सभ्य शब्द उच्चारीत. 2009 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, शिवी देणाऱ्याला गारठ्याची वेदना अधिक वेळ सोसवते. हे वाचून ज्या मंडळींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या असतील त्यांनी दोन वर्षांनंतरचा त्यांचाच दुसरा निष्कर्षही वाचावा: जो दिवसभर उठल्यासुटल्या शिव्या देतो त्याला हा लाभ फारसा होत नाही. डहाणू लोकलच्या दाराशी उभ्या असलेल्या काही तरुणांनी आपली सारी पुंजी सफाळ्याच्या आतच उधळून टाकलेली असते. पुढे केळवे रोडला खरोखरीच बोट दारात चेमटले तर त्यांच्यापाशी खर्चायला दमडी उरत नाही. उलट आमच्या ओळखीचे एक सोवळे भिक्षुक आहेत. त्यांनी आयुष्यात एकदाच, पाटा पायावर पडला तेव्हा, एक ग्राम्य शब्द वापरला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पाय तीन दिवस दुखला नाही आणि घरातील माणसे तीन दिवस बोलली नाहीत.

शरीर आपल्या प्रतिक्षिप्त क्रियांना सवयीने कसे आवर घालते, हे पाहायला मात्र पूर्वेकडे, डहाणू तालुक्यातील धुंदलवाडीच्या बाजूला जावे लागेल. नोव्हेंबर 2018 पासून त्या टापूत भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. थंडीच्या दिवसांत माणसे घराबाहेर, तंबूत झोपली. भिंतींना तडे गेले. शास्त्रज्ञांनी येऊन भूकंपमापक यंत्रे बसवली. त्या दिवसांतल्या भयाची चेष्टा करणे कोणालाही शोभणार नाही. पण धक्के थांबेनात आणि माणसांना तर जगायचे होते, तेव्हा शरीराने आपला कारभार बदलला. प्रारंभी भांडे वाजताच सगळे घर अंगणात असे; पुढे पुढे म्हातारी आधी छपराकडे पाही, मग भांड्याकडे, आणि भांडे थांबले की पुन्हा नाचणीच्या पिठाकडे. मुंबईहून आलेला पाहुणा ताटावरून उडी मारून दारापर्यंत पोहोचलेला असे, आणि यजमान त्याला शांतपणे सांगत, "बसा, जेवा. हा लहान होता."

एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने हाच स्वभाव एका समुद्री गोगलगाईत पाहिला. तिच्या अंगाला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. तोच निरुपद्रवी स्पर्श पुनःपुन्हा केला की ओढण्याचा जोर कमी होत जातो, कारण मज्जातंतूंच्या सांध्यांतून पुढे जाणारे रसायनच कमी होते. मात्र एकदा शेपटीला जोराचा दणका द्यावा, की पुढचा बारीकसा स्पर्शही तिला मोठा वाटू लागतो आणि ती पूर्वीपेक्षा जोराने कल्ला ओढते. या कामासाठी कँडेलला 2000 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बोईसरात या दोन्ही जातींच्या गोगलगाई एकाच इमारतीत आढळतात. तळमजल्यावरचे गृहस्थ पहिल्या जातीचे. रात्री कोठे धप्प झाले तरी कूस न बदलता "भूकंप असेल नाहीतर कंपनी असेल" असे पुटपुटून घोरू लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या जातीच्या. एकदा जोराचा धक्का अनुभवल्यापासून खालून ट्रक गेला तरी त्या देवासमोर दिवा लावतात. वसाहतीच्या रस्त्यावर ट्रक रात्रंदिवस असल्यामुळे त्यांच्या घरी तेलाचा खप फार आहे.

शेवटी गुडघ्याविषयी लिहिले पाहिजे, कारण वरून येणाऱ्या हुकुमांचा आणि खालच्या स्वयंस्फूर्तीचा झगडा सर्वांत स्पष्टपणे तेथेच दिसतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर रबरी हातोडीने हलकेच ठोकले की पाय आपोआप पुढे उडतो. 1875 साली एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मन वैद्यांनी हे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. आमचे व्याही हे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत शिस्तप्रिय गृहस्थ. पायाला मुंग्या येतात म्हणून मी त्यांना बोईसरातील एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना उंच टेबलावर बसवले, पाय लोंबकळत सोडायला सांगितले, समोर स्टूल ओढून त्यावर स्वतः बसले आणि हातोडी मारली. गुडघा हलला नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. व्याह्यांची मुद्रा अशी होती, की लेखी हुकुमावाचून येथे काहीही हलणार नाही.

"काका, पाय सैल सोडा," डॉक्टर म्हणाले.

"सैलच आहे," व्याही म्हणाले. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काहीही सैल सोडलेले नव्हते.

मग डॉक्टरांनी एक हंगेरियन उपाय काढला. एर्नो येंद्रासिक याने 1885 साली दाखवून दिले की, रुग्णाने दोन्ही हातांची बोटे आकड्यांसारखी एकमेकांत अडकवून जोराने ओढली की गुडघ्याची उडी वाढते. हात आवळण्यात लक्ष गुंतते आणि मज्जारज्जूतील पेशींची सिद्धताही वाढते. ठाणे हातांच्या प्रकरणात गुंतले की तालुक्याला मोकळे रान मिळते, असे म्हणा. "बोटं अशी अडकवा, डोळे मिटा आणि मी सांगितलं की ओढा," डॉक्टरांनी सांगितले. व्याह्यांनी हा हुकूम मात्र अक्षरशः पाळला. डॉक्टरांनी "ओढा" म्हणताच हातोडी पडली, आणि कित्येक वर्षे फायलींच्या ओझ्याखाली दबलेला तो उजवा पाय अशा आवेशाने उसळला की डॉक्टरांच्या खिशातले पेन खिडकीपाशी जाऊन पडले.

व्याह्यांनी डोळे उघडले. पेन पाहिले, डॉक्टर पाहिले, स्वतःचा पाय पाहिला, आणि गंभीर स्वरात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा पाय माझ्या आदेशाने उडालेला नाही. तशी नोंद कागदावर घ्यावी."

डॉक्टरांनी हसू दाबून दुसऱ्या गुडघ्याची तपासणी केली. फक्त त्याआधी स्टूल हातभर मागे सरकवले. नंतर त्यांनी केसपेपरवर "दोन्ही गुडघ्यांचे प्रतिक्षेप उत्तम" असे लिहून खाली सही केली. व्याह्यांनी तो कागद दोनदा वाचला, सहीखाली तारीख नाही असे दाखवून ती घालून घेतली, शिक्का मागितला, आणि स्टेशनसमोरच्या दुकानात त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या: एक घरच्या दफ्तराला आणि एक सूनबाईंना दाखवायला, कारण यांना आता काही जमत नाही असे ती म्हणते, असा त्यांना संशय आहे.